'हॅकनी डायमंड्स': कौतुकाचा धुरळा खाली बसल्यावर

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा हा अल्बम ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्यांच्याच १९८१ च्या 'टॅटू यू'नंतरचा सर्वांत चांगला, असंही काहींनी लिहिलं. दुसरीकडे, निर्माता अँड्र्यू वॉटने गाण्यांना नको इतकं पॉलिश केलंय, अशी तक्रारही होती. कित्येक महिने लोकलमध्ये हेडफोनवर आणि घरी मोठ्या स्पीकरवर ऐकल्यावर मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात.

स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ नंतर थेट १८ वर्षांनी आला. गायक मिक जॅगर तेव्हा ८० वर्षांचा. अशा वेळी परीक्षणात आनंदच जास्त उमटणार, ते साहजिकच आहे. पण पहिलं गाणं 'अँग्री' आता मला पुरे झालंय. कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वूडच्या गिटारी एकमेकींत गुंतत जातात, हा या बँडचा जीव. इथे सगळं सारख्याच मोठ्या आवाजात येतं आणि ती गुंतवण हेडफोनवर सापडत नाही. 'ड्रायव्हिंग मी टू हार्ड' तर मी हल्ली सोडूनच देते.

खरा अल्बम उत्तरार्धात आहे. 'मेस इट अप' आणि 'लिव्ह बाय द सोर्ड' या दोन गाण्यांत बँडचा जुना ड्रमर चार्ली वॉट्सचे ड्रम्स आहेत. तो ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, त्याआधीचं हे रेकॉर्डिंग. मी वाचलेल्या परीक्षणांत त्याचा उल्लेख श्रद्धांजलीपुरता येतो, आणि ते मला खटकतं, कारण फरक कानाला कळतो. स्नेअरवर, म्हणजे मुख्य ठोक्याच्या ड्रमवर, ठोका देताना चार्ली हाय-हॅटवरचा, म्हणजे झांजांच्या जोडीवरचा, हात उचलून घ्यायचा. दोन्ही एकदम वाजत नाहीत, त्यामुळे ठोका एकटा पडतो आणि ताल किंचित मागे रेलतो. २००३ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्नवर ज्यांनी त्याला ऐकलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. 'लिव्ह बाय द सोर्ड'मध्ये जुना बास-वादक बिल वायमन परतलाय आणि पियानोवर एल्टन जॉन आहे, तरी माझे कान ड्रम्सवरून हलत नाहीत. ड्रम्स असलेल्या बाकी गाण्यांत स्टीव्ह जॉर्डन आहे. पक्का वादक, पण त्याचा हात जड.

पाहुण्या कलाकारांची गर्दी म्हणजे नुसती जाहिरात, हा आक्षेप मात्र टिकत नाही. 'बाइट माय हेड ऑफ'मध्ये पॉल मॅकार्टनीचा खरखरीत बास गाण्याला अक्षरशः पुढे ढकलतो. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' सात मिनिटांच्या पुढे जातं. संपलं असं वाटतं, आणि मग स्टीव्ही वंडरच्या कीबोर्डवर जॅगर आणि लेडी गागा पुन्हा सुरू करतात. इथे कुणी कुणाला जपून गात नाही.

आणि शेवटी 'रोलिंग स्टोन ब्लूज'. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या ज्या गाण्यावरून १९६२ मध्ये बँडनं नाव घेतलं, तेच हे. फक्त कीथची गिटार, मिकचा आवाज आणि हार्मोनिका. पॉलिशची तक्रार करणाऱ्यांनी हे आधी ऐकावं.

२०२५ मध्ये याला सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. मला विचाराल तर 'मेस इट अप'पासून लावा, हेडफोनपेक्षा स्पीकरवर. पूर्वार्धातलं 'डिपेंडिंग ऑन यू' तेवढं चुकवू नका.