परदेशी विद्यार्थ्यांसाठी मनाच्या आधाराचं अ‍ॅप: व्हॉट्सअ‍ॅप नंबर, वेब-अ‍ॅप की प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप?

बडोद्यात फत्तेगंज-सयाजीगंजच्या वसतिगृहांत आणि वाघोडिया रोडच्या भाड्याच्या खोल्यांत आफ्रिकेतल्या देशांची, अफगाणिस्तान, नेपाळ, बांगलादेशची मुलंमुली राहतात. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं कॉलेजातल्या शिक्षकांना, खोली देणाऱ्या घरांना, विद्यार्थी मंडळांना वाटतं, आणि बोलणं लवकरच 'एक अ‍ॅप काढू या' इथे येऊन थांबतं. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. तेव्हापासून हा विषय संस्थांच्या बैठकांतही आहे.

समोर तीन वाटा असतात. व्हॉट्सअ‍ॅपचा एक नंबर चालवायचा, ब्राउझरमध्ये उघडणारं वेब-अ‍ॅप करायचं, किंवा प्ले स्टोअर-अ‍ॅप स्टोअरवरचं पूर्ण अ‍ॅप बांधायचं. तिन्हींची तुलना पुढे आहे, पण निवडीचा पहिला प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही. रात्री साडेअकराला आलेल्या निरोपाला उत्तर कोण देणार, हा आहे. त्याचं उत्तर नसेल तर तिन्ही वाटा सारख्याच वाईट.

दारातच अडणारी मुलं

आपल्याकडे अ‍ॅप म्हटलं की मोबाइल नंबर आणि ओटीपी आलाच. नुकत्याच उतरलेल्या परदेशी विद्यार्थ्याकडे भारतीय सिम नसतं. पासपोर्ट, व्हिसा, स्थानिक ओळख देणारं माणूस हे सगळं जमेपर्यंत दिवस जातात. सर्वांत एकटं वाटण्याचे दिवसही तेच. +९१ शिवाय दुसरा नंबर न घेणारा लॉगिन म्हणजे नेमक्या त्याच मुलाला दारातून परत पाठवणं.

इथे व्हॉट्सअ‍ॅप सरळ जिंकतं. घरच्या देशाचा नंबर तसाच चालतो, वसतिगृहाचं वाय-फाय पुरतं, नवं काही शिकावं लागत नाही. वेब-अ‍ॅपला नंबर लागतच नाही: एक टोपणनाव आणि सहा आकडी पिन पुरे. पिन विसरला तर जुनं बोलणं गेलं, हे मात्र आधीच स्पष्ट लिहा.

पूर्ण अ‍ॅपची अडचण सहसा उशिरा कळते. विद्यार्थ्याचं प्ले स्टोअर खातं त्याच्या देशाशी जोडलेलं असतं आणि तो देश वर्षातून एकदाच बदलता येतो. तुम्ही अ‍ॅप फक्त भारतात प्रसिद्ध केलंत तर केनियाहून आलेल्या मुलीला ते शोधूनही सापडणार नाही. प्रसिद्ध करताना तिचा देश यादीत हवा. आयफोनच्या स्टोअरवरही देशांची यादी अशीच निवडावी लागते. शिवाय टेक्नो, आयटेलसारख्या फोनमध्ये जागा कमी आणि बॅटरी वाचवण्याची सेटिंग कडक असते. तुमची आठवण करून देणारी सूचना मागच्या मागे मारली जाते.

गुप्तता: व्हॉट्सअ‍ॅप इथे मागे पडतं

व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाचा नंबर आणि बहुतेकदा फोटोही उत्तर देणाऱ्याला दिसतो. संस्था वापरतात ते व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांना जोडता येतं, म्हणजे कार्यालयातल्या टेबलावरच्या संगणकावरही ते उघडं असू शकतं. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप मुद्दाम कुलूपबंद केला नाही तर तिथे एन्ड-टू-एन्ड संरक्षण (बोलणाऱ्या दोघांशिवाय कोणालाच वाचता न येणं) नसतं. विद्यार्थ्याच्या बाजूनेही धोका आहेच: खोलीतला जोडीदार फोन हातात घेतो आणि वरच 'काउन्सेलिंग सेल' असं नाव दिसतं.

वेब-अ‍ॅप ब्राउझरच्या खाजगी खिडकीत (इनकॉग्निटो) उघडता येतं, फोनच्या हिस्टरीत खूण राहत नाही. दोन गोष्टी पाळा. पत्त्यात 'डिप्रेशन' किंवा 'मेंटल' असा शब्द नको, कारण वसतिगृहाच्या वाय-फायच्या नोंदीत साइटचं नाव दिसू शकतं. आणि प्रत्येक पानावर वर उजवीकडे 'लगेच बंद' बटण द्या, दाबलं की हवामानाचं पान उघडावं. पूर्ण अ‍ॅपला बोटाच्या ठशाचं कुलूप लावता येतं हा त्याचा मोठा गुण. पण त्याचं चित्र फोनच्या पडद्यावर कायम असतं.

खरी भीती मात्र व्हिसाची असते. विद्यार्थी व्हिसावर १८० दिवसांहून जास्त राहणाऱ्याला आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंद करावी लागते, म्हणून 'सरकारला सगळं कळतं' ही भावना पहिल्याच महिन्यात पक्की होते. पहिल्या पडद्यावर इतकं लिहा: 'इथलं बोलणं वसतिगृह, विभाग किंवा एफआरआरओला कळवलं जात नाही. जीवाला धोका दिसला तरच आम्ही एका माणसाला सांगू, आणि कोणाला सांगतोय ते शक्य असेल तर तुला आधी सांगू.' हे वाक्य खरं ठेवायचं असेल तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे असता कामा नये. समुपदेशकाकडेच हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गुप्ततेचा हक्क देतं. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिच्यावर खटला भरला जात नाही. बऱ्याच देशांत कायदा वेगळा आहे, म्हणून ही ओळही सोप्या इंग्रजीत द्या. पोलिसांच्या धाकाने गप्प राहणारी मुलं असतात.

चॅटबॉट की माणूस

तिन्ही वाटांवर कोणीतरी म्हणतंच, 'रात्रीचं उत्तर बॉट देईल.' याचा मोह मोठा आहे, आणि आमचं मत स्पष्ट आहे: बॉटला रस्ता दाखवण्याचं काम द्या, धीर देण्याचं नको. अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवरच्या एका मोठ्या संस्थेला २०२३ मध्ये आपला 'टेसा' बॉट बंद करावा लागला, कारण तो मदत मागणाऱ्यांना वजन कमी करण्याचे सल्ले देत होता. वोबॉट हे मनाच्या आधारासाठीचं नावाजलेलं चॅटबॉट अ‍ॅप ३० जून २०२५ ला बंद झालं. एवढ्या पैशांच्या आणि तज्ज्ञांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या गोष्टींची ही अवस्था, तर चार जणांच्या गटाने जपून पाऊल टाकावं.

भाषेचं पाहा. आपल्यात कोणी 'जीव नकोसा झालाय' म्हणालं की ऐकणारा खुर्ची पुढे ओढतो. 'सुइसाइड' हा शब्द शोधणाऱ्या यंत्राला त्यात काहीच सापडत नाही. स्वाहिलीत 'निमेचोका' म्हणजे 'मी थकलोय'. दिवसभराच्या प्रॅक्टिकलने थकलाय की जगण्याने, ते पुढच्या दोन प्रश्नांवरून कळतं. अफगाणिस्तानातली दरी भाषा बोलणारा 'दिलम तंग शुदा' म्हणेल. शब्दशः 'माझं हृदय आवळलं', अर्थ 'फार आठवण येतेय'. यंत्राने त्याचं भाषांतर छातीत दुखण्याकडे नेलं तर मुलगा हृदयरोगाच्या ओपीडीत पोचेल. झिंबाब्वेतल्या शोना भाषेत मनाच्या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणजे 'फार विचार करणं' असा आपला शब्दच आहे. तिथल्या 'फ्रेंडशिप बेंच' कामात प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बाकावर बसून लोकांशी बोलतात. हरारेतल्या २४ दवाखान्यांत झालेल्या त्यांच्या चाचणीचे चांगले निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या जवळचं उदाहरण 'आत्मीयता': नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन गुजरातेत मेहसाण्याला पोचलेलं, गावातल्याच स्वयंसेवकांवर उभं असलेलं काम. दोन्हीकडे आधार दिला तो शिकवलेल्या साध्या माणसांनी.

म्हणून माणसांचा हिशोब मांडा. रात्री ९ ते १, सातही दिवस, प्रत्येक रात्री एक उत्तर देणारा आणि एक पाठीशी: आठवड्याला १४ पाळ्या. एकाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त देऊ नयेत, म्हणजे ७ माणसं. परीक्षा आणि सुट्ट्या धरून १० हवीत. दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर तासभर बैठक, नाहीतर तीन महिन्यांत ऐकणारेच कोलमडतात. रात्री एकपर्यंतची पाळी वाया जात नाही: बडोद्यात रात्रीचा एक वाजतो तेव्हा हरारेत साडेनऊ असतात, घरचा फोन नुकताच ठेवलेला असतो.

दहा माणसं जमत नसतील तर आठवड्यातून तीन रात्रींचंच वचन द्या आणि पहिल्या पडद्यावर त्या रात्री लिहा. उत्तर येईल म्हणून वाट पाहणाऱ्याला उत्तर न मिळणं हा या कामातला सर्वांत मोठा अपाय आहे.

ऐकणारा आपल्या देशाचा हवा की नको, हे विद्यार्थ्याला निवडू द्या. एका देशाची बाराच मुलं शहरात असतील तर सगळी एकमेकांना ओळखतात. मातृभाषेचा दिलासा आणि गावभर होण्याची भीती एकदमच येतात.

प्रश्नावली आणि नववा प्रश्न

अनेक गट पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली घालतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर पुढे तपासावं असा संकेत. मोफत वापरता येते, बऱ्याच भाषांत मिळते. दोन ठिकाणी घोळ होतो. झोप, भूक, थकवा यांचे प्रश्न पहिल्या महिन्यात सगळ्यांचेच वाढलेले असतात: मेसचं गोडसर शाकाहारी जेवण, उकाडा, बदललेली झोपेची वेळ, कधी रोजे. त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांतले गुण 'आजार' म्हणून दाखवू नका. आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, पुढचा पडदा 'धन्यवाद' नसावा, माणसाचा असावा. रात्री १ नंतर कोणी पाळीवर नसेल तर ही प्रश्नावली त्या वेळी बंद ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर असा पडदा बांधणं अवघड आहे. बिझनेस एपीआयवर (व्हॉट्सअ‍ॅप आपल्या संगणक-प्रणालीला जोडण्याची सोय) विद्यार्थ्याच्या शेवटच्या निरोपानंतर २४ तास उलटले की व्हॉट्सअ‍ॅपने आधी मंजूर केलेला टेम्प्लेट, म्हणजे ठरीव मजकूरच पाठवता येतो. सोमवारी रडलेल्या मुलीला बुधवारी 'कशी आहेस?' विचारायला जाहिरातीसारखा दिसणारा निरोप जातो. साध्या बिझनेस अ‍ॅपवर ही अट नाही.

संकटाच्या बटणाचं: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, २० भाषांत, पण त्या इंग्रजी आणि भारतीय भाषा आहेत, स्वाहिली किंवा फ्रेंच बोलणाऱ्याला इंग्रजीच घ्यावी लागेल. फोनमध्ये फक्त घरचं सिम आणि वाय-फाय असेल तर तो नंबर लागेल असं धरू नका. त्याच्या खाली पाळीवरच्या माणसाचा वाय-फाय कॉल, वॉर्डनची खोली आणि १०८ ठेवा, सयाजीराव जनरल हॉस्पिटलचा नकाशाही. वेब-अ‍ॅपमध्ये हे पान सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) फोनमध्येच साठवून ठेवता येतं, नेट गेलं तरी उघडतं.

खर्च आणि टिकणं

प्ले स्टोअरचे २५ डॉलर एकदाच, अ‍ॅपलचे ९९ डॉलर दरवर्षी. ही रक्कम किरकोळ आहे. पण आरोग्याच्या अ‍ॅपसाठी गुगल संस्थेचं खातं मागतं, त्याला डी-यू-एन-एस क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो आणि यात काही आठवडे जाऊ शकतात. पुढे दरवर्षी अ‍ॅप नव्या अँड्रॉइडला जुळवावं लागतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून बांधलेलं अ‍ॅप त्यांच्या पदवीबरोबर संपतं ते इथे. वापराचंही पाहा: २०१९ मधल्या ९३ मानसिक आरोग्य अ‍ॅपांच्या अभ्यासात ३० दिवसांनंतर अ‍ॅप उघडणारे मध्यक हिशोबाने ३.३ टक्केच उरले होते. रोज उघडायला लावणारं अ‍ॅप बांधण्यात वर्ष घालवण्यापेक्षा, गरजेच्या रात्री पटकन उघडणारं पान बरं.

आमची निवड अशी. परदेशी विद्यार्थी शंभर-दीडशेच्या आत असतील तर साध्या बिझनेस अ‍ॅपवर एक नंबर, पाळ्यांची वही आणि माहितीचं एक वेब-पान. त्याहून जास्त असतील तर वेब-अ‍ॅप. आयफोनवर सूचना हव्या असतील तर ते होम स्क्रीनवर टाकायला सांगावं लागतं, आयओएस १६.४ पासून ते चालतं. पूर्ण अ‍ॅप तेव्हाच, जेव्हा दोन वर्षांचा पैसा आणि दुरुस्ती करणारा पगारी माणूस हातात असेल.

कोणतंही घ्या, पहिल्या पडद्यावर 'तुला नैराश्य आहे का?' नको. सहा दारं ठेवा: झोप, जेवण, पैसे, खोली, अभ्यास, घरची आठवण. घरून पैसे यायला उशीर झालाय म्हणून झोप उडालेल्या मुलाला आधी फीच्या मुदतवाढीचा अर्ज हवा असतो. नवरात्र, दिवाळीच्या सुट्टीत बंद होणारी मेस आणि उत्तरायण हे दिवस पाळ्यांच्या वहीत आधीच लाल करा. शहर गरब्याला जातं आणि वसतिगृहाचा मजला रिकामा होतो, त्या रात्री दोन माणसं जास्त बसवा.

सुरू करण्यापूर्वी पाच देशांच्या पाच मुलांना त्यांच्याच फोनवर, वसतिगृहाच्या वाय-फायवर, रात्री दहानंतर वापरायला द्या. तीन टॅपमध्ये माणसापर्यंत पोचतात का, ते घड्याळ लावून पाहा. आणि क्यूआर कोड वॉर्डनच्या केबिनबाहेर लावू नका, तिथे उभं राहून तो कोणी स्कॅन करत नाही. बाथरूमच्या दाराला आतून लावा.