दान-नियोजनाचा ऑनलाइन कोर्स: पेरणीआधी लावला, तुरी निघाल्यावर लिहितोय

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या छोट्या ट्रस्टचं कामकाज मी पाहतो. हिशेब, ऑडिट, देणगीदार, किराणा, सगळं माझ्याकडेच. गेल्या मे महिन्यात ट्रस्टच्या खर्चाने दान-नियोजकांसाठीचा एक प्रमाणपत्र कोर्स लावला. मृत्युपत्रातून, जमिनीतून, ठेवींतून संस्थेला मिळणारं मोठं दान कसं मागायचं, स्वीकारायचं आणि सांभाळायचं, हा विषय. कोर्सचं नाव लिहीत नाही. असे कोर्स आणखीही निघालेत, साचा बहुतेकांचा अमेरिकन, तेव्हा हा अनुभव त्या साच्याचा समजा. फी म्हणाल तर एकरभर कपाशीला बियाण्यापासून वेचणीपर्यंत जो खर्च येतो, साधारण तेवढी.

पैसे वसूल झाले का? झाले, पण ज्या भागासाठी भरले होते त्या भागात नाही.

सुरुवातीचे आठवडे अमेरिकेतच गेले. तिथे देणगीदार संस्थेला रक्कम देतो, संस्था त्याला हयातभर ठरलेलं वर्षासन देते आणि उरलेलं त्याच्या पश्चात संस्थेचं होतं. या वर्षासनाचे दर सुचवणारी परिषद तिकडे १९२७ पासून आहे. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने याच धर्तीच्या ट्रस्टांना चौकट घालून दिली. ऐकायला सुरेख. आमच्या ट्रस्टने असं वर्षासन कबूल केलं, तर पहिल्याच अवकाळीच्या वर्षी आम्हीच देणगीदाराच्या दारात उभे राहू. आपल्या करकायद्यात त्याला तशी सोयही नाही. तरी परीक्षेत त्यावर प्रश्न होतेच, पाठ केले आणि सोडून दिले.

मात्र त्यामागचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. ‘वावर देतो, पण मरेपर्यंत मी काय खाऊ?’ यावर एका सत्रात मुंबईच्या वकीलबाईंनी जे सांगितलं ते मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय. बक्षीसपत्र करताना हयातभर वहिवाटीचा आणि उत्पन्नाचा हक्क स्वतःकडे राखून ठेवता येतो. ताबा दिला नाही म्हणून नोंदणीकृत बक्षीसपत्र रद्दबातल ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. दोन साक्षीदार, नोंदणी, आणि देणाऱ्याच्या हयातीतच संस्थेने स्वीकारल्याचा पुरावा, एवढं पक्कं हवं. आम्ही तेव्हापासून स्वीकृतीचा ठराव आधी करतो आणि मग दुय्यम निबंधकाकडे जातो.

कराचा भाग सगळ्यात लांबलचक आणि आमच्यासाठी सगळ्यात पोकळ. ‘देणगीदाराला करबचत समजावून सांगा’ हे वाक्य कोर्सभर येत राहतं. मी एका काकाजींना ८०-जी, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकर वजावट, सांगायला गेलो. ते म्हणाले, "टॅक्स कायचा जी? कापसावर टॅक्स लागते काय?" खरंच आहे, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग वजावट कशातून घेणार? राहिले निवृत्त गुरुजी आणि बँकेतले लोक. त्यांच्यातले बरेचसे नव्या करप्रणालीत गेलेत आणि तिथे ही वजावटच मिळत नाही. म्हणजे करबचतीच्या गोष्टीला गावात ऐकणारा उरतो एखादा डॉक्टर आणि जिनिंगवाले शेठजी.

कार्यालयीन बाजू मात्र या भागातून पक्की झाली. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. सुगीनंतर लोक पोत्याने तूर-सोयाबीन आणून देतात, त्यालाही नाही, कारण वस्तुरूप दान त्यात बसत नाही. नुसतं पावतीपुस्तक पुरत नाही. वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत १०-बीडी, म्हणजे देणग्यांच्या तपशिलाचा फॉर्म, भरायचा आणि देणगीदाराला १०-बीई प्रमाणपत्र काढून द्यायचं. आमचे अध्यक्ष पॅन मागायला लाजायचे, आता फॉर्मच छापून घेतलाय. हे सगळे आकडे जुन्या १९६१ च्या आयकर कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा, त्यात कलमांचे आकडे वेगळे, त्यामुळे नोट्स जपून वापरा.

आता जमीन. इथे कोर्स उघडा पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विदर्भातल्या खेड्यात मोठं दान म्हणजे बहुतेक वेळा वावर. नोट्समध्ये होता १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा. आपण मध्यप्रांत-वऱ्हाडातून १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि विदर्भासाठी १९५८ चा कुळवहिवाट कायदा वेगळा आहे, याचा उल्लेख कुठेच नव्हता. त्या कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायची, बक्षीस द्यायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ट्रस्ट काही शेतकरी नव्हे. मी प्रश्न टाकला तर ‘स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा’ असं दोन ओळींचं उत्तर आलं.

मग मृत्युपत्राने द्यावी का? मला तोच मार्ग सोपा वाटत होता. पण गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्रानेही शेतजमीन देता येत नाही असं धरलंय. कायदा तिकडचा असला तरी बंदीचं सूत्र तेच, म्हणून आमचे वकील ‘परवानगी आधी’ यावर अडून आहेत. त्यात सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर आणखी एक परवानगी. वडिलोपार्जित असेल तर २००५ पासून मुलींचाही जन्मतः हिस्सा. सासरी गेलेल्या बहिणीला कोणी विचारलेलंच नसतं. हे सगळं मी कोर्सकडून कमी आणि तहसीलमधल्या एका निवृत्त अव्वल कारकुनाकडून जास्त शिकलो. त्यांची फी चहा.

विनोबांच्या पवनारपासून आम्ही फार लांब नाही. १९५१ मध्ये सुरू झालेल्या भूदानात दिलेल्या जमिनींचे फेरफार, ताबे आणि वारसांचे वाद अजून इकडे ऐकू येतात. देणाऱ्याचं मन मोठं असून भागत नाही, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण कुठलं? पण अभ्यासक्रमात सगळी उदाहरणं विद्यापीठांची आणि शहरी इस्पितळांची. गाडगेबाबांच्या धर्मशाळा नाहीत, अमरावतीचं तपोवन नाही, बाबा आमट्यांचं आनंदवन नाही. लोकवर्गणीवर एवढं उभं राहिलेल्या प्रदेशात बसून मी बोस्टनच्या माजी विद्यार्थ्यांबद्दल वाचत होतो.

तरीही वसूल झाले म्हणतो ते दोन गोष्टींमुळे.

पहिली, दान नाकारायचं धोरण. प्रत्येक संस्थेने काय घ्यायचं आणि काय नाही हे आधी लेखी ठरवावं, असा एक पूर्ण धडा होता. तो वाचून आम्ही दीड पानाचं धोरण केलं: पांदण (शेतरस्ता) नसलेलं वावर नको, सातबाऱ्यावर बोजा असलेलं नको, सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय नको. कारण एकदा जमीन ट्रस्टची झाली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ ने ती धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने पट्ट्यावरही देता येत नाही. गंमत अशी की आमच्या गळ्यातलं हेच लोढणं देणाऱ्याला धीर देतं. एका मावशींनी विचारलं, "माह्या मांगं वावर इकसान त नाही ना?" मी कलम ३६ साध्या भाषेत सांगितलं. इतक्या दिवसांत माहितीपत्रकाने जे झालं नाही ते त्या उत्तराने झालं.

दुसरी, नीतीचा भाग. दान-नियोजकांसाठी अमेरिकेत १९९१ मध्ये एक आचारसंहिता मान्य झाली. तिच्यात दान आणून देणाऱ्याला टक्केवारी द्यायची नाही, आणि देणाऱ्याने संस्थेचा नव्हे तर स्वतःचा स्वतंत्र सल्लागार गाठावा असं त्याला सांगायचं, हे दोन्ही आहे. आमच्या एका विश्वस्तांनी ‘जो आणील त्याला दोन टक्के’ अशी कल्पना मांडली होती. ती त्या पानाच्या आधाराने गाडली. नाहीतर गावातले जमिनीचे दलाल म्हाताऱ्या माणसांच्या ओट्यावर जाऊन बसले असते, आणि आमच्या नावाने बसले असते.

सल्लागाराची गोष्ट खेड्यात वेगळी वळते. मावशींचा सल्लागार म्हणजे वावर वाहणारा पुतण्या. आधीच्या पद्धतीने आम्ही त्याला टाळूनच बोललो असतो. कोर्समध्ये संवादाचा सराव घेतात, त्यात देणाऱ्याच्या घरच्यांना कधी आणि कसं बोलवायचं यावर भर आहे. आम्ही पुतण्याला समोर बसवलं. तो अर्धा तास गप्प होता. मग म्हणाला, "मोठेमाय, मले आधी सांगतलं असतं त मी काऊन नाही म्हनलो असतो?" मावशींनी उलट त्यालाच ऐकवलं की तू दिवाळीला साडी आणली होती का. त्यातून ठरलं ते असं की विहिरीकडचा तुकडा त्याचा, उरलेलं संस्थेला, आणि मावशी आहेत तोवर ठेका त्यांच्या हातात. अर्ज सध्या जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. पुढचं पुढे.

सरावाचे प्रश्नही कामाचे आहेत. ‘दान करायला तुम्ही कोणाकडून शिकलात?’ हा प्रश्न शहरी वाटला होता, पण आमच्याकडे त्यावर माणूस तासभर बोलतो, आजोबा, सप्त्याची पंगत, दुष्काळातलं धान्य. फक्त मृत्यूचा विषय पहिल्या भेटीत काढू नका. कोर्समध्ये काढायला सांगतात.

किरकोळ: व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत, आणि संध्याकाळच्या थेट वर्गालाच इकडे लाइन जाते. नोट्स इंग्रजीत, चर्चा हिंदीत. गटात शहरी मंडळी जास्त, पण मनाने चांगली. अमरावतीकडच्या एका ताईंचा फोन नंबर मिळाला, तो प्रमाणपत्राहून उपयोगी. प्रमाणपत्र ऑफिसात लावलंय, अजून कोणी वाचलेलं नाही.

तुमची संस्था पगारदार आणि शहरी देणगीदारांवर चालत असेल तर बिनधास्त लावा. जमिनीसाठी लावत असाल तर आधी एक चांगला महसुली वकील गाठा, आणि मग उरलेल्या पैशात लावा. नूतनीकरणाची फी पुढच्या वर्षी पुन्हा आहे. विदर्भाच्या जमिनीवर एक सत्र ठेवलं तरच भरीन, असं मी त्यांना कळवलं. ते सत्र तुम्हीच घ्या, असा निरोप आलाय. मानधनाचं काही लिहिलेलं नाही.