आठ डायॉप्टरची क्लोज-अप लेन्स आणि पेढ्याचा बॉक्स

गेल्या जूनमध्ये घेतली, आता फेब्रुवारी संपत आला. किड्यांचे अगदी जवळून फोटो काढायची खरी मॅक्रो लेन्स परवडत नव्हती, हे आधीच कबूल करतो. कॅमेऱ्यासोबतच्या ५५-२५० मिलिमीटरच्या किट झूमपुढं दोन्ही बाजूंच्या खिट्या दाबून ही अडकवायची, झालं काम.

डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद; आठ डायॉप्टर म्हणजे एक मीटर भागिले आठ. झूमचा फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांब ठेवला की किड्यापासून साडेबारा सेंटीमीटरवर फोकस बसतो. झूम मागंपुढं केली तरी हे अंतर तेच राहतं, किडा तेवढा लहानमोठा होतो. २५० वर सेन्सरवर तो दुप्पट पडतो, म्हणजे माझ्या क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ११ मिलिमीटरचा कोळी अख्खी फ्रेम अडवतो. १०० च्या खाली कोपरे काळे येतात, तिकडं जायचंच नाही.

पहिले दोन महिने सगळे फोटो फेकले. दोष लेन्सचा नव्हता, उजेडाचा होता. एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून सुद्धा शार्प भाग जेमतेम एक दशांश मिलिमीटर; छिद्र मोठं करायची सोय नाही, त्यामुळं फ्लॅश हवाच. आणि उघडा फ्लॅश मारला की ढालकिड्याच्या पाठीवर पांढरा डाग. फ्लॅशचा उजेड मऊ करणारा विकतचा डिफ्यूझर आणला, तो लेन्सपर्यंत पोचेना. शेवटी कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स कापला, आतून पांढरा होताच, तोंडाला बटर पेपर दोन पदरी. सातारकरांना कच्च्या मालाची कमी नाही. हा जुगाड लेन्सच्या निम्म्या किमतीचा जरी विकत मिळाला असता तरी घेतला असता, एवढा फरक पडला.

ऑटोफोकस बंद, शटर १/२०० सेकंद, श्वास धरून स्वतःच मागंपुढं डुलायचं. सकाळी सातच्या आत गेलं तर किडे गारठलेले असतात, दहानंतर नुसती पळापळ.

आतापर्यंतचा सगळ्यात भारी फोटो घरामागच्या कढीपत्त्यावरचा. उड्या मारणारा कोळी, चार डोळे समोर. मधले दोन मोठे आधी काळेभोर दिसले, पुढच्या फ्रेममध्ये एक मधासारखा तपकिरी. बाहेरचं भिंग जागचं हलत नाही, आतली नळी फिरते, त्यामुळं रंग बदलल्यासारखा दिसतो. आणि दोन्ही डोळ्यांत माझ्या पेढ्याच्या बॉक्सची चौकोनी खिडकी!

आता तक्रार. खिटी तिसऱ्याच महिन्यात ढिली पडली आणि यवतेश्वरच्या घाटात लेन्स करवंदाच्या जाळीत गेली. काच वाचली, माझे हात नाहीत. तेव्हापासून खिट्या काढून स्टेप रिंगनं (दोन मापं जोडणाऱ्या कड्यानं) झूमच्या तोंडाच्या आट्यांवर फिरवून बसवतो.

कासला मात्र ही नेऊ नका. पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, आणि साडेबारा सेंटीमीटरसाठी आडवं पडलं की दहा-वीस रोपं अंगाखाली चेंगरणार. सप्टेंबरात वाटेच्या कडेलाच दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या चिकट थेंबांत अडकलेलं चिलट मिळालं, पाय अजून हलत होते. तेवढं काढून परत फिरलो.

दिवाळीत आईनं झाडू घेऊन जळमटं काढायला सुरुवात केली. तह असा झाला की पाण्याच्या टाकीमागचा कोपरा माझा, बाकी घर तिचं. परवा तीच हाक मारत होती, "अरे, तुझ्या कोपऱ्यात नवीन पाहुणा आलाय."