सोल्डर की क्रिंप? गाडीच्या तुटलेल्या तारेला जोड देताना

हँडल उजवीकडे वळवलं की हेडलाइट जातो, सरळ केलं की परत लागतो. अशी मोटरसायकल समोर आली की मी आधी कोनसेटपाशी, म्हणजे हँडल जिथे वळतं त्या सांध्यापाशी, हात घालतो. तिथे वायरिंगच्या काळ्या नळीत एखादी तार हमखास आतून तुटलेली सापडते. वरचं प्लॅस्टिक शाबूत असतं, आतलं तांबं गेलेलं असतं. दुखणं सापडतं, पण ती तार जोडायची कशी? पिळा मारून टेप गुंडाळायची, सोल्डर म्हणजे वितळवलेला डाक मारायचा, क्रिंप म्हणजे धातूचं टोक तारेवर दाबून बसवायचं, की आतमध्ये सोल्डरची रिंग असलेली ती पारदर्शक स्लीव्ह वापरायची?

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरिंगच्या जुडग्यात, योग्य टूलने केलेला क्रिंप पहिला. सोल्डर दुसरा, आणि तोही जिथे तार हलत नाही तिथे. सर्किट बोर्डवर मात्र सोल्डरला पर्याय नाही. पिळा आणि टेप हा घरी पोचण्यापुरता इलाज आहे, त्याला दुरुस्ती म्हणू नये.

पिळ्याचं आधी उरकून घेऊ. मोठ्या दुचाकींत दिसणारा एच-४ बल्ब हायबीमला ६० वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टला ५ अँपिअर. पिळा मारलेला जोड सैल पडून त्याचा रोध फक्त ०.१ ओहम झाला, तरी तिथे अर्धा व्होल्ट पडतो आणि अडीच वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचा हा दहावा भाग, तोही हरभऱ्याएवढ्या जागेत. तांबं तापतं, काळं पडतं, रोध आणखी वाढतो, मग ते आणखी तापतं. टेपचा गोंद उन्हाने पातळ होऊन सरकतो आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी शिरतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत असा जोड उघडला तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघते.

सोल्डर नेमका कुठे तुटतो

सोल्डरबद्दल माझ्या मनात आदर आहे. नीट मारलेल्या जोडाचा रोध नगण्य असतो, तारेच्या मापाचं टर्मिनल (तारेच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) शोधत बसावं लागत नाही आणि सामान स्वस्त असतं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेला सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतो आणि एकदम गोठतो. शिकाऊ हातांना तो फार सोयीचा, कारण गोठताना तार हलून जोड बिघडण्याची शक्यता कमी होते. शिसं नसलेले सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतात आणि त्यांना आयर्नची उष्णता जास्त लागते.

पण खोट त्याच्या गुणातच आहे. वितळलेला सोल्डर तारेच्या बारीक तंतूंमधून, वातीत तेल चढावं तसा, इन्सुलेशनच्या आत चढत जातो. जिथवर चढला तिथवर त्या पंधरा-वीस लवचिक तंतूंची एकच ताठ काडी होते. काडी जिथे संपते आणि मोकळी तार सुरू होते, त्या रेषेवर इंजिनची सगळी थरथर येऊन थांबते. जोड कधीच तुटत नाही, त्याच्या शेजारी तार तुटते. म्हणून ‘मी तर पक्का सोल्डर मारला होता’ हे म्हणणं खरंही असतं आणि गाडी बंदही पडलेली असते.

हे मी स्वतःच्या कामावरून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत कोनसेटपाशीच तुटलेली तार मी तिथेच सोल्डर करून दिली होती. जोड सुंदर, चकचकीत होता. काही महिन्यांत तीच गाडी त्याच तक्रारीने परत आली. जोड तसाच चकचकीत होता, आणि त्याच्यापासून नखाएवढ्या अंतरावर तार तुटलेली होती. ज्यांची गाडी होती ते रात्रीच्या घाटात अंधारात अडकले होते. ते मला काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून हलणाऱ्या जागी मी सोल्डर मारलेला नाही.

तरीही सोल्डरच मारणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. जोड सोल्डरच्या जोरावर उभा ठेवू नका. दोन्ही तारा एकमेकींना घट्ट वेढून आधी यांत्रिक पकड द्या, सोल्डर फक्त वीज वाहण्यासाठी. उष्णता तारेला द्या, सोल्डरला नव्हे: आयर्न तारेखाली धरा आणि सोल्डर तारेवर वरून लावा. तीन-चार सेकंदांत तो शोषला गेला नाही तर आयर्न लहान आहे किंवा तांबं काळं आहे, उगाच धरून इन्सुलेशन वितळवू नका. आणि जोडावर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी) चढवल्यावर दोन्ही बाजूंना काही सेंटीमीटरवर तार क्लिपने किंवा टायने बांधा, म्हणजे ताठ काडीच्या टोकाला हेलकावे बसणार नाहीत.

फ्लक्सचं, म्हणजे सोल्डर धरावा म्हणून तांबं साफ करणाऱ्या पदार्थाचं, वेगळं सांगायला हवं, कारण इथे नुकसान उशिरा दिसतं. पोटात राळ भरलेली सोल्डरची तार वापरा. पत्र्याच्या नाहीतर रेडिएटरच्या कामासाठी मिळणारं अ‍ॅसिडचं फ्लक्स वायरिंगला लावू नका. त्याने काळी तारसुद्धा पटकन सोल्डर धरते, म्हणून हात तिकडे वळतो. पण ते तंतूंमध्ये राहून आतल्या आत तांबं खात बसतं. काळ्या पडलेल्या तारेवर खरा उपाय एकच, चकाकतं तांबं दिसेपर्यंत ती मागे कापायची आणि नवा तुकडा घालायचा. हा नियम क्रिंपलाही तितकाच लागू आहे.

क्रिंप: टूल चांगलं नसेल तर नको

कारखान्यात हार्नेस बनतो तेव्हा टर्मिनल क्रिंपच केलेली असतात. योग्य दाबाखाली टर्मिनलचा पत्रा आणि तांब्याचे तंतू इतके एकमेकांत घुसतात की मध्ये हवाच उरत नाही. हवा नाही म्हणून गंज नाही. उष्णता नाही म्हणून सोल्डर आत चढून तार ताठ होण्याचा प्रश्न नाही. टर्मिनल नीट पाहिलंत तर पंखांच्या दोन जोड्या दिसतील: एक तांबं पकडते, दुसरी इन्सुलेशन. थरथर सोसते ती ही दुसरी. घाईत लोक नेमकी तीच मोकळी सोडतात.

मात्र साध्या पकडीने (प्लायरने) चेपलेलं थिंबल, म्हणजे तयार मिळणारं टर्मिनल, हा क्रिंप नव्हे. हाताला घट्ट लागतं, पण आत तंतूंमध्ये पोकळी राहते आणि काही महिन्यांत ते सैल पडतं. रॅचेटचं टूल घ्या, पूर्ण दाब बसल्याशिवाय ते उघडतच नाही. ते साध्या आयर्नपेक्षा बरंच महाग असतं, आणि क्रिंपच्या बाजूने न जाण्याचं खरं कारण बहुतेकांसाठी हेच असतं. रॅचेट टूल घेण्याची ऐपत किंवा इच्छा आज नसेल, तर पकडीने चेपण्यापेक्षा नीट मारलेला सोल्डर मी पसंत करीन.

माप जुळलं पाहिजे. इन्सुलेशन असलेल्या थिंबलचे रंग त्यासाठीच असतात: लाल साधारण ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला, निळं १.५ ते २.५ ला, पिवळं ४ ते ६ ला. क्रिंप झाला की दोन्ही हातांनी तार ओढून पाहा. निसटली तर बरं झालं, टेबलावर निसटली.

आणि ‘दोन्ही केलं तर दुप्पट पक्कं’ हा समज सोडा. चांगल्या क्रिंपवर वरून सोल्डर ओतला की तो आत चढतो आणि क्रिंपची लवचिकता घालवतो. उलट, आधी सोल्डर लावून मग ती तार क्रिंप केली किंवा स्क्रूखाली आवळली, तर सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू पसरतो आणि पकड सैल होते.

सोल्डर रिंगच्या स्लीव्ह पाहायला मोहक असतात. यांतल्या अनेकांत कथील-बिस्मथचा सोल्डर असतो, तो १३८ अंशांनाच वितळतो. हीट गनने प्लॅस्टिक आवळलं जातं, रिंग वितळल्यासारखी दिसते, पण तांब्याने सोल्डर धरला की तो नुसता वर बसलाय हे खात्रीने कळत नाही. डिकीतल्या दिव्याला चालतील. इंजिनजवळ मी लावत नाही.

कोणत्या जागी काय

सुरुवातीच्या कोनसेटकडे परत येऊ. तिथे सोल्डर नको आणि क्रिंपही नको. तिथे जोडच नको. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना बरंच मागे जाऊन त्याच जाडीची अखंड तार घाला: एक जोड टाकीखाली, दुसरा हेडलाइटच्या डोममध्ये. दोन्ही न हलणाऱ्या जागी येतात आणि वाकतो तो भाग अखंड राहतो. कारच्या दरवाजातली किंवा डिकीच्या झाकणाची रबरी नळी हीही अशीच जागा.

चार्जिंग कॉइलकडून रेक्टिफायरकडे (एसी वीज डीसी करणाऱ्या भागाकडे) येणाऱ्या तीन तारांचं कपलर, म्हणजे प्लॅस्टिकचा जोडप्लग, जळणं हे दुचाकीतलं नेहमीचं दुखणं. कपलर कापून तिन्ही तारा थेट सोल्डर करून देण्याची पद्धत आहे. गाडी चालते, पण पुढच्या वेळी रेक्टिफायर तपासायचा तर पुन्हा तारा कापाव्या लागतात. नवं कपलर आणि नवी क्रिंप केलेली टर्मिनल घाला. जळलेल्या कपलरच्या मागची तार बरीचशी काळी झालेली असते, तीही बदला.

बॅटरी आणि स्टार्टरच्या जाड केबलला सोल्डर नको. कारच्या स्टार्टरला शंभराच्या वर अँपिअर लागतात. ढिला जोड तापला तर सोल्डर मऊ पडून केबल निसटू शकते. तिथे जड टूलने दाबलेला लग, म्हणजे बोल्टखाली बसणारं भोकाचं टर्मिनल, हवा.

मीटरच्या बोर्डवर तडकलेला जोड, फ्लॅशर, रिमोट चावीतलं बटण, एलईडीची पट्टी: इथे सोल्डरच. २५ वॅटचं बारीक टोकाचं, तीन पिनचं, अर्थिंग असलेलं आयर्न घ्या. अर्थिंग नसलेल्या आयर्नच्या टोकावर गळतीचा व्होल्टेज येऊ शकतो आणि नाजूक चिप त्यानेच जाते.

आधुनिक कारमध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांची जोडी असते, कॅन बसची, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर जिच्यावरून एकमेकांशी बोलतात ती. ती जोडताना पिळा शक्य तितका कमी उकला, दोन जोड एकासमोर एक न आणता पुढे-मागे ठेवा. बॅटरी काढून दोन्ही तारांमध्ये सुमारे ६० ओहम दिसले तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोध जागेवर आहेत.

एअरबॅगच्या पिवळ्या कपलरच्या तारा आणि इलेक्ट्रिक कारच्या केशरी केबल यांना घरी किंवा गल्लीतल्या गॅरेजमध्ये हात लावू नका. तिथे सोल्डर की क्रिंप ही निवड आपल्यासमोर नसतेच.

आयर्न हातात घेण्याआधी

निवड करताना लोक किंमत आणि मजबुती पाहतात, धोका पाहत नाहीत. क्रिंपला आग लागत नाही. आयर्नचं टोक ३५० अंशांच्या आसपास असतं. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनासुद्धा पेट घेण्याइतकी तयार होते, हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत दूरवर पसरते. टाकी काढून ठेवली, पाइप मोकळा राहिला आणि शेजारी आयर्न लावलं, हे दृश्य मी पाहिलंय आणि अजून अंगावर काटा येतो. टाकी आणि पाइप बंद करून दुसरीकडे न्या, सांडलेलं पुसा, हवा खेळू द्या. पेटत्या गॅसचं आयर्न गाडीजवळ नकोच. सीएनजी रिक्षात गॅस हलका असल्याने वर, टपाखाली साठतो. वास येत असेल तर काम थांबवा. नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हवेत ४ टक्के झाला तरी पेटू शकतो.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून सोल्डर मारायचा असेल तर थेंब सरळ चेहऱ्यावर येतो. मी अशा जागी फक्त क्रिंप करतो. इतर वेळी चष्मा घाला. धूर तुमच्याकडे येणार नाही असा पंखा लावा. तो धूर मुख्यतः राळेचा असतो आणि दम्याचा त्रास देतो. शिसं हाताला लागतं, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय चहा-वडापाव नको. चटका बसला तर २० मिनिटं वाहतं साधं पाणी, टूथपेस्ट नाही.

जोड कुठलाही असो, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवा आणि जोडण्याआधीच ती तारेवर सरकवून लांब ठेवा. तापवल्यावर दोन्ही कडांनी गोंद बाहेर डोकावला पाहिजे.

शेवटी, जोड डोळ्यांनी नव्हे, मल्टिमीटरने तपासा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, हेडलाइट लावा, इन्सुलेशन टोचण्यापेक्षा जवळच्या कपलरच्या पिनांवर, जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक प्रोब धरा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड कापा आणि पुन्हा करा.