मिरर अ‍ॅक्रिलिकचे लेसर कटिंग : कोणते यंत्र, कोणती बाजू वर आणि राउटर केव्हा बरा

मिरर अ‍ॅक्रिलिकची शीट लेसरवर कापावी की नाही, या विचारात असलेल्या माणसाच्या मनात बहुधा एकच भीती असते : आरशावर पडलेली शलाका उलटून यंत्राच्या लेन्सवर किंवा थेट डोळ्यावर येईल. ही भीती निराधार नाही, पण ती सर्व यंत्रांना सारखी लागू पडत नाही. ज्या यंत्रावर हे काम खरोखर चांगले होते, तिथे तर परावर्तनापेक्षा आग आणि धूर यांचाच धोका मोठा असतो.

आधी शीटची रचना लक्षात घ्यावी. पुढे पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, त्याच्या मागच्या अंगावर निर्वातात चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा आणि त्या मुलाम्याला ओरखड्यांपासून जपणारा रंगाचा लेप, असे तिचे तीन थर असतात. कापायचे आहे ते प्लास्टिक. धातूचा थर इतका पातळ असतो की तो कापण्यासाठी वेगळी शक्ती जवळजवळ लागतच नाही.

कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते आणि ती अ‍ॅक्रिलिक उत्तम शोषते. आपल्या डोळ्यांना पारदर्शक दिसणारी शीट या शलाकेच्या दृष्टीने अपारदर्शक असते. त्यामुळे शीट पुढून कापली तरी, प्लास्टिक आरपार जाळल्याशिवाय शलाका मुलाम्यापर्यंत पोहोचत नाही. डायोड लेसरचे गणित याच्या नेमके उलट आहे. सुमारे ४५० नॅनोमीटरचा त्याचा निळा प्रकाश पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून सरळ पार होतो, आरशावर आदळतो आणि बहुतांश तसाच परत येतो. म्हणजे शीट कापली जात नाही आणि धोका मात्र पुरेपूर उरतो. दृश्य प्रकाश डोळ्यातील भिंग थेट दृष्टिपटलावर एकवटते. शिवाय अशी अनेक यंत्रे उघड्या चौकटीची असतात. शीट उलटी ठेवली तर मागचा रंग जळेल, कदाचित मुलामाही निघेल, पण त्यानंतर समोर पुन्हा पारदर्शक प्लास्टिकच येते. १.०६ मायक्रोमीटरच्या फायबर लेसरने मुलामा काढून नक्षी करता येते. मात्र अ‍ॅक्रिलिक कापण्यासाठी तोही उपयोगाचा नाही. माझे मत स्पष्ट आहे : हाताशी केवळ डायोड यंत्र असेल तर मिरर अ‍ॅक्रिलिक कापण्याचा विचार सोडून द्यावा आणि काम कार्बन डायऑक्साइड लेसर असलेल्या कारागिराकडे द्यावे.

याचा अर्थ कार्बन डायऑक्साइड लेसर निरुपद्रवी आहे असा नव्हे. त्याची शलाका डोळ्याच्या बाह्यपटलाला आणि त्वचेला भाजते, म्हणून झाकण बंद असल्याशिवाय शलाका सुरू होणार नाही अशी सोय चालू स्थितीत हवी. एका प्रकारच्या लेसरसाठीचा चष्मा दुसऱ्यासाठी चालत नाही, हेही ध्यानात असावे. संरक्षण तरंगलांबीनुसार ठरते, काचेच्या रंगावरून नव्हे.

यंत्र ठरले की खरा निवडीचा मुद्दा येतो : शीटची कोणती बाजू वर ठेवायची? रंगाची बाजू वर ठेवली तर शलाका प्रथम मंद रंगावर पडते, रंग आणि मुलामा क्षणार्धात उडवते आणि मग प्लास्टिकमध्ये शिरते. चकचकीत पृष्ठभाग तिच्या वाटेत कुठेच येत नाही आणि रंगाचा धूर वरच्या वरच ओढला जातो. आरशाची बाजू वर ठेवली तर रंग आणि मुलामा शेवटी, खालच्या टोकाला जळतात, त्यांची काजळी कापाच्या भिंतीवर चढू शकते आणि खालच्या धातूच्या जाळीवरून उसळलेली शलाका मागचा लेप ठिकठिकाणी खराब करते. म्हणून कापण्यासाठी मी रंगाची बाजूच वर ठेवण्याचा सल्ला देतो. त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, आकृती आडवी उलटी करून घ्यावी, नाहीतर अक्षरे उलटी कापली जातील. दुसरे, खाली आलेल्या आरशाच्या बाजूवरील संरक्षक आवरण तसेच ठेवून शीट जाळीपासून थोडी उचलून, टेकूंवर ठेवावी. म्हणजे खालून उसळलेल्या शलाकेचे डाग दर्शनी बाजूवर पडत नाहीत. कागदी आवरण यासाठी चांगले. प्लास्टिकची फिल्म कडेला वितळून चिकटू शकते आणि पीव्हीसी या क्लोरिनयुक्त प्लास्टिकची असेल तर ती काढलीच पाहिजे.

कोरीव कामात मात्र दोन्ही बाजूंना आपापले स्थान आहे. मागून कोरले तर रंग आणि मुलामा निघून तेवढा भाग पारदर्शक होतो आणि मागे दिवा लावून उजळणारी अक्षरे तयार होतात. पुढून हलके कोरले तर आरसा अबाधित राहतो आणि कोरलेल्या रेषेचे प्रतिबिंब आत दिसून तिला खोली येते.

आता आगीविषयी, कारण निष्काळजीपणा इथेच सर्वाधिक घडतो. उष्णतेने अ‍ॅक्रिलिकचे विघटन होऊन मिथाइल मेथाक्रिलेटची वाफ निघते. ही वाफ अत्यंत ज्वलनशील असून तिचा उग्र वास डोळे आणि घसा चुरचुरवतो. कापाच्या जागी सोडलेला हवेचा झोत जोरात ठेवला तर ज्वाळा दबतात, पण कडा धुरकट होते; मंद ठेवला तर कडा काचेसारखी चमकते, पण पेट घेण्याची शक्यता वाढते. मागे रंगाचा थर असलेल्या शीटसाठी मी चमकेचा थोडा त्याग करून झोत अंमळ वाढवणे पसंत करीन. धूर बाहेर सोडणारा पंखा काम संपल्यावरही काही वेळ चालू ठेवावा, कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक हाताच्या अंतरावर असावा आणि यंत्र चालू असताना त्याच्यासमोरून हलू नये. वेग फार कमी ठेवल्याने किंवा फोकस चुकल्याने उष्णता एकाच जागी साचते, म्हणून आधी त्याच शीटच्या लहान तुकड्यावर चाचणी घ्यावी.

शीट खरोखर अ‍ॅक्रिलिकच आहे, याची खात्री याहून आधीची. पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकचे आरसे दिसायला अगदी सारखे असतात, परंतु लेसरखाली ते तपकिरी पडतात आणि काजळी सोडतात. पीव्हीसीमधून तर हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो फुप्फुसांनाही घातक आणि यंत्राच्या धातूलाही. तापवलेली तांब्याची तार नमुन्याला टेकवून पुन्हा ज्वाळेत धरल्यावर हिरवी ज्वाळा दिसली तर त्यात क्लोरिन असण्याची दाट शक्यता आहे आणि ती शीट लेसरखाली जाता कामा नये. ही परीक्षा मोकळ्या हवेत करावी. मूळ माहीत नसलेला तुकडा स्वस्त पडला तरी न वापरणेच योग्य.

राउटरची, म्हणजे फिरत्या कटरने कापणाऱ्या यंत्राची, निवड केव्हा करावी? राउटरमध्ये ज्वाळा, वाफ आणि परावर्तन यांपैकी काहीच नाही. पॉलिकार्बोनेटही त्याच्यावर निर्धोक कापता येते. पण आतले कोपरे कटरच्या त्रिज्येइतके गोल होतात, शीट घट्ट धरावी लागते आणि चुऱ्याने आरशावर ओरखडे येऊ शकतात. बारीक अक्षरे आणि टोकदार कोपरे यांसाठी लेसरच योग्य. जाड शीट आणि मोठे साधे आकार यांसाठी राउटर. आणि पातळ शीटला केवळ सरळ काप हवा असेल तर खाच पाडून मोडणे पुरेसे आहे. लेसरने कापलेल्या कडेत ताण उरतो. तिला अल्कोहोल किंवा अमोनियायुक्त काच-क्लीनर लागला तर केसासारख्या भेगा पडू शकतात, म्हणून तयार तुकडा सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडानेच पुसावा.