स्पीड रेसर: आधी कार्टून की आधी सिनेमा?

मुलीला ‘स्पीड रेसर’ दाखवायचं ठरवलं तेव्हा घरात दोन्ही होतं. स्पीड नावाच्या तरुण शर्यतपटूची ही गोष्ट. १९६७ची जपानी कार्टून मालिका, इंग्रजी आवाजातली, आणि वाचोव्स्की बहिणींनी २००८ साली खऱ्या नटांना घेऊन केलेला सिनेमा. मी आधी कार्टून लावलं. मूळ ते आधी, एवढाच हिशेब होता. आज कुणी विचारलं तर मी क्रम उलटा सांगेन, पण कार्टूनवर माझा राग नाही, हेही लक्षात घ्या.

कार्टूनची गंमत जुन्या वाड्यासारखी आहे, कुठेही हात लावला की काहीतरी निघतं. पहिल्याच भागात मुलीने विचारलं, “बाबा, याचं नाव स्पीड, मग शर्टावर ‘जी’ का?” कारण मूळ जपानी मालिकेत तो गो मिफुने आहे. शर्टावर गोचा ‘जी’, हेल्मेटवर मिफुनेचा ‘एम’. जपानीत ‘गो’ म्हणजे पाच, आणि गाडी मॅक ५. अमेरिकेत गेल्यावर नाव बदललं, अक्षरं तशीच राहिली. तात्सुओ योशिदांनी काढलेली ती पांढरी गाडी आजही बघत राहावीशी वाटते. स्टिअरिंगवरची बटणं कुठलं काय करतं, ते माझ्या मुलीला दोन दिवसांत पाठ झालं.

अडचण बोलण्याची आहे. जपानी ओठांच्या हालचालीत इंग्रजी वाक्यं बसवायची म्हणून सगळे धापा टाकत बोलतात. पीटर फर्नांडेझ यांनी संवाद लिहिले, स्पीडचा आवाजही त्यांचा आणि मुखवटा घातलेल्या रेसर एक्सचाही. कामगिरी मोठीच, पण मराठी शाळेत जाणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला दर दोन मिनिटांनी थांबवून सांगावं लागत होतं. तेही मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते निवेदकाचं. रेसर एक्स कोण, हे या गोष्टीतलं सगळ्यात मोठं गुपित. कार्टूनमध्ये ते सुरुवातीच्या काही भागांतच निवेदक सांगून मोकळा होतो, आणि नंतर तो माणूस पडद्यावर आला की पुन्हा पुन्हा आठवण करून देतो. निवेदक गप्प राहिला तर रेसर एक्स स्वतःच मनातल्या मनात बोलून दाखवतो. ५२ भागांची मालिका दर आठवड्याला बघणाऱ्या मुलांना मधला भाग चुकला तरी कळावं, हा विचार त्यामागे असावा. पण सलग बघताना ते टोचतं. आम्ही सिनेमा लावला, रेसर एक्स पहिल्यांदा दिसला आणि मुलगी सोफ्यावरूनच म्हणाली, “हा तर तो!” पुढचे दोन तास मला चुटपुट लागून राहिली. सिनेमात एका रात्री मोकळ्या ट्रॅकवर स्पीड त्याला थेट विचारतो. काय उत्तर मिळतं ते मी इथे लिहीत नाही, कारण त्या क्षणासाठी तरी प्रेक्षकाच्या मनात शंका असायला हवी. माझ्या मुलीच्या मनात ती नव्हती.

सिनेमात खोट नाही असं नाही. १३५ मिनिटं लांब आहे. स्पीडचा धाकटा भाऊ स्प्रिटल आणि त्याचा चिंपांझी यांचा दंगा कधी कधी अती होतो. शर्यतींचे निकाल कंपन्यांच्या शेअरच्या भावासाठी आधीच ठरवले जातात, हा उद्योगपती रॉयल्टनचा सगळा मामला लहान मुलांच्या डोक्यावरून जातो. आणि रंग! माझ्या आईने अर्ध्या तासात चष्मा काढून डोळे मिटले. बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर नट उभे करून, जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट ठेवून केलेली ही चित्रं आहेत, म्हणजे कार्टूनचाच नियम माणसांना लावलेला. १२ कोटी डॉलर खर्चून जगभरातून १० कोटीही परत आले नाहीत, त्याला हेही एक कारण असेल.

पण पहिली शर्यत बघा. लहानगा स्पीड वर्गात पेपर सोडवायचा सोडून मनातल्या मनात गाडी चालवतो आणि त्याच्याभोवती खडूंनी रंगवलेलं जग उभं राहतं. मग मोठा स्पीड ट्रॅकवर येतो. त्याच्यापुढे भाऊ रेक्सची गाडी सावलीसारखी धावते, रेक्सचा जुना विक्रम म्हणजे तीच गाडी. स्पीड तिला गाठतो, आणि शेवटच्या क्षणी पाय सैल सोडतो. शर्यत जिंकतो, विक्रम भावाकडेच राहू देतो. कुणी समजावून सांगत नाही. मुलीला इंग्रजी कळलं नव्हतं, हे मात्र कळलं.

दुसरा प्रसंग दाराचा. रेक्स घर सोडताना वडील रागाने म्हणतात, आता गेलास तर परत येऊ नकोस. पुढे एका रात्री स्पीड बॅग भरून निघतो, तेव्हा तेच वडील त्याला अडवत नाहीत. हे दार तुझ्यासाठी कायम उघडं आहे, एवढंच सांगतात. जॉन गुडमन यांनी हे इतक्या साधेपणाने केलंय की मी दर वेळी खोलीतून उठून पाणी प्यायला जातो. कार्टूनमधले वडील, म्हणजे पॉप्स, बहुतेक वेळा ओरडतात, आणि वीस-बावीस मिनिटांच्या भागात त्यांना एवढा वेळ मिळतही नाही.

माझ्यापुरतं, पारडं सिनेमाकडे झुकतं. तुमचं मूल गाडीवेडं असेल आणि गोष्टीपेक्षा बटणांत रमत असेल, तर आधी कार्टून लावायला हरकत नाही. नाहीतर सिनेमा आधी दाखवा, टीव्हीपासून जरा लांब बसवून, मध्ये एक सुट्टी घेऊन. श्रेयनामावली संपेपर्यंत बंद करू नका, जुनं शीर्षकगीत तिथे नव्या रूपात येतं. दोन दिवसांनी कार्टूनचा पहिला भाग लावा. त्याच्या शीर्षकगीताच्या शेवटी स्पीड गाडीतून उडी मारतो, गोठल्यासारखा थांबतो आणि चित्र त्याच्याभोवती फिरतं. १९६७ सालचं हे काम आहे, आणि तिथे मुलाला काहीही सांगावं लागणार नाही.