भिंत वाळेपर्यंत पैसे देऊ नका

कोथरूडमधल्या आमच्या अठ्ठेचाळीस सदनिकांच्या सोसायटीची मी सचिव आहे. गेल्या हिवाळ्यात आमची ८७,४३८ रुपयांची फसवणूक झाली. ती कशी झाली हे सविस्तर लिहिते आहे, कारण तो माणूस अजून याच भागात फिरतो आहे.

एका सोमवारी पहाटे दूधवाल्याने वॉचमनला हाक मारून बाहेर नेलं. रस्त्याकडच्या कंपाउंडच्या भिंतीवर आणि गेटच्या दोन्ही खांबांवर काळ्या-लाल स्प्रे पेंटने लिहिलेलं होतं. नुसत्या रेघोट्या असत्या तर आम्ही महिनाभरही थांबलो असतो. पण त्यात आमच्याच इमारतीतल्या दहावीच्या एका मुलीचं नाव होतं आणि नावापुढे जे होतं ते मी इथे लिहिणार नाही. ती मुलगी त्या दिवसापासून मागच्या पार्किंगमधून क्लासला जायला लागली. तिची आई घरी आली आणि दारातच म्हणाली, "काकू, काहीही करा, पण ते लवकर काढा."

आम्ही फोटो काढले आणि चौकीत तक्रार दिली. भिंती अशा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण आमचा कॅमेरा गेटच्या आतल्या बाजूला बघतो, त्यामुळे लिहिणारा सापडला नाही. भिंत प्लास्टरची असती तर नेहमीच्या रंगाऱ्याने दोन हात मारून विषय संपवला असता. आमची भिंत काळ्या दगडाची, सिमेंटच्या दरजा भरलेली, आणि खांबांवर जैसलमेरचा पिवळा दगड. सभासदांनी हौसेने, वर्गणी काढून लावलेला. त्यावर रंग लावायला कोणीच तयार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अतिशय मऊ. रस्त्याने जाताना भिंत दिसली म्हणाला. दगडावरचा स्प्रे पेंट काढण्याचंच काम करतो, केमिकल बाहेरून येतं, वर कोटिंग देतो, मग पुढची पाच वर्षं कोणी काही लिहिलं तरी ओल्या फडक्याने पुसलं जाईल. केलेल्या कामाचा नमुना म्हणून एका सोसायटीचा फोन नंबर दिला. चेअरमनसाहेबांनी लावला, पलीकडच्या गृहस्थाने तोंडभरून कौतुक केलं. ती सोसायटी इथून रिक्षाने दहा मिनिटांवर. आमच्यापैकी एकही जण तिथे गेला नाही. पुढे गेले तेव्हा कळलं की तिथे असं काही काम झालेलंच नव्हतं.

मग त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. आम्हा सातही जणांना जिंकलं ते त्यानेच, म्हणून नीट सांगते. पिशवीतून त्याने एक गुळगुळीत टाइल काढली, तिच्यावर आमच्यासमोर काळा स्प्रे मारला, चार-पाच मिनिटं बोलत राहिला आणि बाटलीतल्या द्रवाने एका फटक्यात टाइल लख्ख केली. आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक निवृत्त रसायनतज्ज्ञ राहतात, त्यांनी नंतर समजावलं. चकचकीत टाइलवर काचेसारखा थर असतो, त्याला छिद्रं नसतात, आणि पाच मिनिटांत रंग पुरता वाळलेलाही नसतो. साध्या थिनरनेही तो निघतो. दगडात बारीक छिद्रं असतात, रंग आत उतरतो, आणि थिनर ओतलं की रंग पातळ होऊन आणखी खोल जातो. "भिंतीवरच्या तळहाताएवढ्या जागेवर करून दाखव आणि दोन दिवसांनी ये," एवढंच म्हणायला हवं होतं. कोणीही म्हटलं नाही. मी रोज त्या मुलीला मागच्या दाराने जाताना बघत होते.

कोटेशनमध्ये ३८० चौरस फूट धरले होते. उपविधींप्रमाणे आमची समिती सर्वसाधारण सभेला न विचारता दुरुस्तीवर पन्नास हजारांपर्यंतच खर्च करू शकते. हे त्याला आधीच माहीत होतं! तो स्वतःच म्हणाला, "मॅडम, सभा बोलवायची म्हणजे दोन आठवडे जातील. मी सफाईचं वेगळं आणि कोटिंगचं वेगळं बिल करतो." सफाई ३८,००० अधिक जीएसटी, म्हणजे ४४,८४०. कोटिंग ३६,१०० अधिक जीएसटी, म्हणजे ४२,५९८. दोन्ही मर्यादेच्या आत. नियम आम्ही मोडला, त्याने फक्त वाट दाखवली, आणि हे मी पुढच्या सभेत सगळ्यांसमोर कबूल केलं. सभा बोलावली असती तर त्या रसायनतज्ज्ञ काकांनी तिथेच ती टाइल ओळखली असती.

पन्नास हजार आगाऊ दिले. खातं फर्मच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावर होतं. तेही आम्ही चालवून घेतलं.

शनिवारी तो दोन मुलं घेऊन आला. मुलांच्या हातात मोजे नव्हते, तोंडाला नुसता रुमाल. दुपारी वॉचमन वर आला, "ताई, वास डोळ्यांत जातोय. हे संडासात टाकतात ते ॲसिड आहे." मी खाली गेले, विचारलं. माल मोठ्या ड्रममधून येतो, कॅन फक्त जुना आहे, असं उत्तर मिळालं. मी परत वर आले. वॉचमनचं मी ऐकलं नाही याचं मला आजही फार वाईट वाटतं.

संध्याकाळी साडेसहाला त्याने बोलावलं. पाइपने धुतलेली भिंत एकसारखी काळी दिसत होती, खांब गडद सोनेरी. कुठे अक्षर नाही. त्या ओल्यावरच मुलांनी ब्रशने कोटिंगचा हात मारला होता. मुलीची आईही खाली आली होती, तिने माझा हात धरला. त्याने मोबाइलवर फोटो काढले आणि चेक नको, मुलांचा पगार द्यायचा आहे, आत्ताच ट्रान्सफर करा म्हणाला. उरलेले ३७,४३८ रुपये तिथल्या तिथे गेले.

ओला दगड गडद होतो आणि डाग लपतात. रविवारी दुपारी ऊन आलं, भिंत वाळली आणि सगळी अक्षरं फिकट राखाडी होऊन परत आली. तिचं नावसुद्धा. जैसलमेरचा पिवळा दगड चुनखडीचा असतो, ॲसिडने तो विरघळतो. खांबांवर पांढरट, खरखरीत पट्टे उमटले होते आणि त्या पट्ट्यांमधून अक्षरं दिसत होती. काळ्या दगडाला फारसं काही झालं नव्हतं, पण दरजांमधलं सिमेंट नखाने भुगा होऊन पडत होतं. स्प्रे पेंट ॲसिडने निघतच नाही. 'कोटिंग'वर मी पेनाने रेघ मारून ओल्या फडक्याने घासली. रेघ तशीच राहिली. दोन महिन्यांत तो थर पिवळा पडून सोलायला लागला, काका म्हणाले ते हलकं व्हार्निश असावं.

फोन बंद. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक तेव्हा कुठे तपासला. पंधरा अक्षरं, सुरुवातीला महाराष्ट्राचे २७, सगळं बरोबर दिसत होतं. पण जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिनशिवायही क्रमांक टाकून बघता येतो, दोन मिनिटं लागतात. तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कापड दुकानाचा निघाला, आणि तोही रद्द झालेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आम्ही फसवणुकीची तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळी वॉचमनने स्वतःहून एक जुनी ताडपत्री आणली आणि नावावर बांधली. सोमवारी मुलगी पुढच्या गेटने गेली. तो कापडाचा तुकडा पहिल्याच दिवशी बांधला असता तर आम्हाला कसलीच घाई नव्हती. हे मी ज्याला त्याला सांगते. आधी झाका, मग महिनाभर शोधून चांगला माणूस आणा.

आम्हाला तो नंतर मिळाला, दगडकामातला एक वयस्कर गवंडी. त्याने आधी खांबाच्या मागच्या बाजूला वीतभर जागेवर करून पाहिलं आणि आठवडाभर थांबला. रंग काढायचं द्रावण मातीत कालवून त्याचा जाड लेप दिला, वर प्लास्टिक बांधलं आणि रात्रभर ठेवलं. रंग विरघळून मातीत शोषला जातो. असे तीन लेप लागले. खांबांवरच्या चार लाद्या मात्र बदलाव्या लागल्या. पैसे त्याने काम वाळल्यावर घेतले.

गेल्या महिन्यात कर्वेनगरच्या एका सोसायटीच्या सचिवबाईंचा फोन आला. एक माणूस त्यांच्याकडे टाइल घेऊन आला होता. केलेल्या कामाचा नमुना म्हणून त्याने त्यांना एक फोटो दिला होता आणि फोटोच्या कोपऱ्यात आमच्या सोसायटीची पाटी दिसत होती. ओली, काळीभोर भिंत, सोनेरी खांब, शनिवारची संध्याकाळ. त्यांनी त्याने दिलेला नंबर न लावता पाटीवरचं नाव शोधून मला गाठलं होतं. मी म्हटलं, फोनवर नको, या आणि बघा. त्या आल्या, झिजलेल्या दरजांवरून हात फिरवला, आणि तिथूनच आम्ही दोघी तो फोटो घेऊन चौकीत गेलो.